कायद्याच्या कुंपणात वसलेली घरे

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वसाहतींचा इतिहास म्हटला की सोन्याच्या खाणी, रेल्वेमार्ग आणि गोऱ्या वसाहतकारांचे तांडे डोळ्यांपुढे येतात. त्या भूमीच्या जडणघडणीत पंजाबातील शेतकऱ्यांचाही वाटा होता, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत इम्पीरियल खोरे आहे. समुद्रसपाटीहूनही सखल अशा या वाळवंटात १९०१ मध्ये कालव्याने कोलोरॅडो नदीचे पाणी आले. कापूस, खरबूज आणि भाजीपाल्याची शेती उभी राहिली. लाकूडगिरण्यांत व रेल्वेमार्गांवर राबलेले पंजाबी पुरुष तेथे येऊ लागले. कालव्याच्या पाण्यावरची शेती त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यांत बहुसंख्य शीख, काही मुसलमान व थोडे हिंदू होते. स्थानिक गोरे मात्र सरसकट सर्वांनाच ‘हिंदू’ म्हणत.

कष्टाला फळ येऊ लागले तसा कायदा आडवा आला. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास १९१३ च्या कायद्याने मनाई झाली. १९२० मध्ये खंडाने जमीन कसण्याचा मार्गही बंद झाला. १९१७ च्या कायद्याने भारतीयांचा प्रवेशच रोखल्यामुळे मायदेशातून पत्नीला आणणे अशक्य झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. गौरेतरांशी गोऱ्यांच्या विवाहास कॅलिफोर्नियात बंदी होतीच.

या कोंडीतून एक अनपेक्षित समाज जन्मास आला. मेक्सिकोतील क्रांतीच्या धुमाळीतून निघालेली कुटुंबे याच खोऱ्यात कापूस वेचण्यास आली होती. वधूवरांचा वर्ण सारखाच दिसल्याने विवाह-परवाना देणारे कारकून सहसा हरकत घेत नसत. अशी शेकडो लग्ने झाली. घरात स्पॅनिश बोलली जाई, मुले बहुधा कॅथलिक होत. आडनाव मात्र वडिलांचे राही. अमेरिकेत जन्मलेली ही मुले जन्मतः नागरिक असल्याने काही कुटुंबांनी जमिनी त्यांच्या नावावर केल्या.

पश्चिम किनाऱ्यावरील याच भारतीय श्रमिकांच्या बळावर १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. तिच्याशी महाराष्ट्राचेही नाते आहे. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून क्रांतीसाठी परतले व १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले. पांडुरंग खानखोजे पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली. इम्पीरियल खोऱ्यातील शेतकरी दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य होत.

१९६५ नंतर पंजाबातून सहकुटुंब स्थलांतर सुरू झाले. नवागतांना स्पॅनिश बोलणारी, चर्चमध्ये जाणारी ही जुनी पिढी आपली वाटेना. ज्यांच्या वडिलांना गोऱ्यांनी परके मानले, त्यांच्या मुलांना आता पंजाबी म्हणवून घेण्याचा अधिकार सिद्ध करावा लागला. मिश्र विवाहांची गरज संपली, तसा हा समाजही हळूहळू विरत गेला. आज तो मुख्यतः आडनावांत, स्वयंपाकघरांत आणि आठवणींत उरला आहे. कोणत्या समाजाने कुठे व कसे वसावे, हे केवळ लोकांची इच्छा ठरवीत नाही; कायदाही ठरवीत असतो, याची ही घरे साक्ष देतात.