बंद घरातील श्वास

गेल्या हिवाळ्यात एडमंटनहून भाचीचा दूरध्वनी आला, "मामा, घरात हवा खेळती ठेवणारे कोणते यंत्र घेऊ?" प्रश्न अभियंत्याचा, पण पाळण्यात सहा महिन्यांचे बाळ असल्याने तो माझाही झाला.

थंडीसाठी घट्ट बंद केलेल्या घरात दूषित हवा कोंडते. कॅनडातील नुनावुत प्रदेशातल्या इनुइट बालकांच्या पाहणीत (२००७) कोंदट, दाटीची घरे व श्वसनमार्गाचे जंतुसंसर्ग यांचा संबंध आढळला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वायुवीजनाची यंत्रे बसविल्यावर मुलांच्या छातीतील घरघर कमी झाली.

ही यंत्रे दोन प्रकारची. एचआरव्ही बाहेर जाणाऱ्या हवेतील केवळ उष्णता आत येणाऱ्या हवेला देते. ईआरव्ही बाष्पाचाही काही अंश देते. उणे ३० अंशांची हवा २० अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांहूनही कमी भरते. म्हणून माणसे थोडी व घर कोरडे असेल तर ईआरव्ही. दाटी असून खिडक्यांवर पाणी ओघळत असेल तर एचआरव्ही. भाचीकडे माणसे तिघेच, आणि बाळाच्या नाकात खपल्या धरत. मी ईआरव्ही सुचविले. मात्र साचणारा बर्फ वितळविण्याची सोय पाहून घे व गाळण्या नियमित स्वच्छ कर, असेही बजावले.

इंदूरच्या थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवणाऱ्या मातांनाही माझे सांगणे याच जातीचे असते: बाळाला ऊबदार कपडे घाला, शेगडी बाहेर काढा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा.