स्वस्त लॅपटॉप : बॅटरीचा खरा हिशेब
(लेखमाला, भाग ६)

कर्नाटकातल्या सदलग्यातला माणूस लॅपटॉप घ्यायला निपाणीला जातो, नाहीतर सीमेपलीकडं इचलकरंजीला. ‘महाराष्ट्रात स्वस्त पडतो’ असं अजूनही ऐकू येतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून कराचा फरक उरलेला नाही. लॅपटॉपवरचे १८ टक्के दूधगंगेच्या दोन्ही काठांना सारखेच. काही वाचलंच तर ते दुकानदाराच्या सवलतीतून. पक्कं बिल मात्र सोडू नका.

कमी किमतीचं, हलकं मशीन ही कल्पना नवी नाही. २००७ साली असुसचा ‘ई पीसी’ आला : सात इंची पडदा आणि अवघी ४ जीबी साठवण. पुढं टॅबलेट आले आणि अशी छोटी मशीनं, म्हणजे नेटबुकं, बाजारातून गेली. २०२३ मध्ये जिओबुक १६,४९९ रुपयांना निघालं. वजन किलोच्या आत, पण आत मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर आणि विंडोजऐवजी जिओची स्वतःची प्रणाली. ऑनलाइन तास बघायला, टिपणं काढायला ठीक. टॅली शिकायची असेल तर मात्र विंडोजचंच मशीन बघावं लागतं.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. दुकानात तेवढ्यावरच ‘चालतंय की’ म्हणून सांगतात. चालतं, पण रांगतं. रॅम कमी पडली की मशीन सारखं साठवणीकडं धावतं, आणि ती साठवण ईएमएमसी या मंद जातीची असली तर ब्राउझरचे चार टॅबही जड होतात. ८ जीबी रॅम आणि साधी का होईना एसएसडी, यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी द्यावेत. या वर्गातल्या बऱ्याच मशीनांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते. नंतर वाढवता येत नाही.

वेग वाढला की बॅटरी लवकर उतरते, हे दरवेळी खरं नसतं. इंटेलचा जुना सेलेरॉन एन४०२० आणि नंतरचा एन१००, दोन्ही ६ वॅटचे. पहिल्यात दोन कोअर, दुसऱ्यात चार. शिवाय मंद मशीनवर फाइल उघडेपर्यंत आपण पडदा उजळ ठेवून बसतो, त्या वेळातही बॅटरी जातच असते.

आता बॅटरी. जाहिरातीतले ‘दहा तास’ बहुधा मंद उजेडावर मोजलेले असतात, म्हणून वॅट-अवरचा आकडा विचारा. नुसत्या एमएएचवर जाऊ नका. १०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-अवर. ५,००० एमएएच आणि ७.६ व्होल्ट म्हणजे ३८. मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात किंचित लहानच! साध्या कामाला असं मशीन ७ वॅटच्या आसपास खातं असं धरलं, तर ३८ वॅट-अवरवर साडेपाच तासांच्या आत-बाहेर. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की साडेचारही पुरे होत नाहीत. वळवाच्या पावसात तार तुटली की हा फरक कळतो. ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला तर कुठलीच बॅटरी पुरणार नाही, पण एरवीच्या संध्याकाळी पाच तास पुष्कळ झाले.

टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर उत्तम. ४५ वॅटच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) पॉवर बँकेवर ते बहुधा चालतं. फोनच्या १० वॅटच्या चार्जरकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

त्याच पैशात ऑफिसांतून निघालेले वापरलेले लॅपटॉपही मिळतात. वेगात ते नव्या स्वस्त मशीनला सहज मागं टाकतात, पण बॅटरी थकलेली असते. पैसे देण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट दुकानातच काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता, असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीची किंमत विचारून तेवढी रक्कम घासाघीस करून कमी करा. अशा जुन्या मशीनांत आणखी काय तपासायचं, ते पुढच्या आठवड्यात.