तांबडे आकाश आणि लहान भिंगे

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला वर येते. त्याच्या पट्ट्याला वळसा घालणारी तांबड्या प्रकाशाची एक कमान आहे. तिची लांबी दहा अंशांहून अधिक, म्हणजे पौर्णिमेचे वीस चंद्र ओळीने मांडावेत एवढी. मी वर्षानुवर्षे मृग पाहत आलो, पण ही कमान डोळ्यांना कधी दिसली नाही. कॅमेऱ्याच्या साध्या भिंगाला तांबडी गाळणी लावली, तेव्हा ती प्रथम उमटली.

हा प्रकाश येतो कुठून? अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे आसपासच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते पुन्हा प्रोटॉनला मिळतात आणि पायऱ्या उतरावे तसे खालच्या पातळीवर येतात. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश निघतो. त्याला हायड्रोजन-आल्फा म्हणतात. अंधाराला सरावलेला डोळा नेमका या रंगाला जवळजवळ आंधळा असतो.

मग मोठी दुर्बीण का नको? ती प्रकाश जास्त गोळा करते, पण प्रतिमाही तितकीच मोठी करून पसरवते. पसरट, अंधुक वस्तूची प्रतिमा किती उजळ होईल, हे भिंगाच्या निव्वळ व्यासावर नव्हे, तर नाभीय अंतराशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर ठरते. शिवाय मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा जेमतेम एक कवडसा दिसतो. १८९४ मध्ये बर्नार्ड यांनी ही कमान टिपली ती लिक वेधशाळेत. तिथे त्या काळची सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती, पण कामी आले चित्रदीपाचे दीड इंची भिंग.

शंभर वर्षांनी तोच मार्ग पुन्हा उपयोगी पडला. चिलीतील सेरो टोलोलो येथे ५२ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने स्वयंचलित कॅमेऱ्याने दक्षिण आकाश टिपले. हायड्रोजनच्या रंगातील चित्रातून शेजारच्या रंगांतील चित्र वजा केले, की तारे जवळजवळ पुसले जातात आणि वायू उरतो. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा नकाशा अमेरिकेतील दोन सर्वेक्षणांशी जोडून २००३ मध्ये संपूर्ण आकाशाचा नकाशा तयार झाला.

त्याची गरज विश्वाचा आरंभ शोधणाऱ्यांना होती. हाच वायू सूक्ष्मलहरीही सोडतो आणि त्या महास्फोटाच्या अवशिष्ट प्रारणात मिसळतात. आपल्या आकाशगंगेचा हा वाटा ओळखून वजा केल्याशिवाय मागचे प्राचीन विश्व स्वच्छ दिसत नाही. त्यासाठी तांबडा नकाशा मार्गदर्शक ठरला.

असे वेध आजही घराच्या गच्चीवरून घेता येतात. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश अरुंद गाळणी बराचसा अडवते. पांढऱ्या एलईडीत मात्र तांबडा अंशही असतो आणि तो गाळणीतून आत शिरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अमावास्या असते, चंद्राचा अडथळा नसतो. अडथळा असतो तो आपल्याच दिव्यांचा. पणत्या विझल्यावर निदान गच्चीवरचा मोठा दिवा तरी मालवावा, आणि मृगाकडे एकदा पाहावे.