खेळाच्या यंत्रांच्या पिढ्या

दिवाळी जवळ आली म्हणजे एकत्र कुटुंबांत फराळाच्या यादीबरोबर मुलांच्या मागण्यांचीही यादी तयार होते. गेल्या वर्षीं या दिवसांत आम्ही पाटोद्यास आमच्या आप्तांकडे उतरलों होतों. तेथें नातवंडांनीं एकमुखानें मागणी केली, “आजोबा, नव्या पिढीचें प्लेस्टेशन घ्या ना!” हें पांचवें प्लेस्टेशन आपल्या देशांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें, तेव्हांच त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. घरची शेती बालाघाटाच्या माथ्यावरील, केवळ पावसाच्या भरंवशाची. आजोबांनीं चष्मा पुसला व शांतपणें विचारलें, “नवी पिढी जुनीहून सरसच निघते, असें कोणीं ठरविलें?”

मुलें हसलीं. आम्हांस मात्र प्रश्न मार्मिक वाटला. आणि या धंद्याचा इतिहास पाहूं जातां आजोबांची शंका निराधार नाहीं, असें दिसून येतें.

दूरदर्शन संचास जोडून घरीं खेळावयाचें पहिलें यंत्र, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेंत १९७२ सालीं निघालें. पुढें दर पांच-सात वर्षांनीं अधिक सामर्थ्याचीं यंत्रें येऊं लागलीं. त्यांच्या एकेका तुकडीस ‘पिढी’ म्हणतात. जपानांतील क्योटो शहरीं १८८९ सालीं पत्ते बनविण्यासाठीं निघालेल्या निंटेंडो या पेढीचेंच उदाहरण घ्या. तिचें १९८३ सालचें फॅमिकॉम सुमारें ६ कोटी १९ लक्ष खपलें. त्यानंतरचें प्रत्येक यंत्र आधीच्याहून बलवान होतें. पण खप उतरतच गेला. १९९० चें यंत्र ४ कोटी ९१ लक्ष, १९९६ चें ३ कोटी २९ लक्ष आणि २००१ चें २ कोटी १७ लक्ष!

असें कां व्हावें? सोनी कंपनीनें १९९४ सालीं प्लेस्टेशन काढलें, तें तबकड्यांवर चालणारें. तबकडी स्वस्त, आणि तींत मजकूर पुष्कळ मावे. निंटेंडोनें १९९६ मध्येंही महाग कॅसेटच धरून ठेविली. साहजिकच खेळ रचणारे सोनीकडे वळले. सोनीच्या २००० सालच्या दुसऱ्या यंत्रावर पहिल्याचे खेळ चालत, शिवाय चित्रपटही पाहतां येत. म्हणजे घरांतील थोरांसही त्याचा उपयोग! तें जगांत १६ कोटींवर खपलें.

निंटेंडोनें यांतून धडा घेतला. २००६ सालचें तिचें ‘वी’ हें यंत्र प्रतिस्पर्ध्यांहून दुबळें होतें. परंतु हात हालवितांच पडद्यावर चेंडू टोलवितां येई, त्यामुळें आजीबाईही खेळूं लागल्या. १० कोटी १६ लक्ष यंत्रें विकलीं गेलीं. २०१२ सालचें ‘वी यू’ मात्र नवें यंत्र कीं जुन्याचीच जोड, हें पुष्कळांस उमगलें नाहीं. तें सुमारें १ कोटी ३५ लक्षांवर थांबलें. बापाचा लौकिक मुलास आपोआप मिळत नाहीं, हेंच खरें. २०१७ सालचें ‘स्विच’ घरींही चाले व हातांतही नेतां येई. त्यानें १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

या कोट्यवधींच्या हिशेबांत पाटोदा कोठें आहे? त्या घरच्या माळ्यावर १९९० नंतरच्या दशकांतील एक यंत्र अजून धूळ खात आहे. आज बाप झालेले चिरंजीव तेव्हां त्यावर खेळत. तें फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल. कॅसेटवर हजारों खेळांची बढाई, पण प्रत्यक्षांत तेच ते मोजके खेळ पुनः पुनः! अशा नकला आपल्याकडे गांवोगांवीं खपल्या. परंतु मूळ कंपनीच्या आंकड्यांत त्यांची गणती नाहीं. आपल्या मुलांच्या कित्येक दुपारी त्या जमाखर्चाबाहेरच राहिल्या.

शेवटीं या चिरंजीवांनींच मार्ग काढला. २०१३ चें चौथें प्लेस्टेशन ११ कोटींहून अधिक खपलेलें. एवढीं घरें कारखानदारांस एकदम सोडवत नाहींत, म्हणून पांचवें आल्यावरही कित्येक नवे खेळ चौथ्यासाठीं निघत राहिले. तेव्हां चांगल्या स्थितींतलें वापरलेलें चौथें यंत्र, दोन हातकळा व दोन खेळ एवढ्यावर तडजोड झाली. आजोबांची अट एकच: यंत्र मुलांच्या खोलींत नव्हे, माजघरांत राहील.

नवी पिढी घरीं आणावयाची कीं नाहीं, हें ठरवितांना आमच्या वाचकांनींही सामर्थ्याचे आंकडे मागाहून पाहावे. घरांतील किती माणसें त्याभोंवतीं बसतील, हें आधीं मोजावें. बाजारानेंही बहुतेक वेळां तेंच मोजलें आहे.