फेस्तिना प्रकरण आणि त्यानंतर

व्यावसायिक सायकलिंगमध्ये उत्तेजक द्रव्यांचा वापर संघाच्या पातळीवर, पैसे गोळा करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतो, हे १९९८ मध्ये फेस्तिना प्रकरणाने जगासमोर आणले. खेळाच्या नियामकांना मात्र ते शोधता आले नव्हते. त्या वर्षी ८ जुलैला फ्रान्स-बेल्जियम सीमेवर फ्रेंच कस्टम्सने एक मोटार अडवली. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीची ती अधिकृत गाडी फेस्तिना संघाचा मालिशवाला विली वूट चालवत होता. गाडीत एरिथ्रोपोएटिन म्हणजे ईपीओ, वाढीचे संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या शेकडो मात्रा निघाल्या. शर्यत तीनच दिवसांनी डब्लिनमध्ये सुरू होणार होती.

ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढवते. त्याचे कृत्रिम रूप मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तक्षयावर देतात. निरोगी सायकलपटूने ते घेतले, तर स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि डोंगराळ टप्प्यांत दम टिकतो. पण रक्त दाट होऊन जिवालाही धोका संभवतो. त्या काळी ईपीओ शोधणारी खात्रीशीर चाचणीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) १९९७ पासून पुरुषांच्या रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडणाऱ्याला काही दिवस शर्यतीबाहेर बसवत. त्यामुळे ४९ टक्क्यांपर्यंत द्रव्य घेण्याची जणू मुभाच मिळाली.

वूटच्या कबुलीनंतर संघाचे संचालक ब्रुनो रुसेल आणि डॉक्टर एरिक राइकार्ट यांना ताब्यात घेण्यात आले. संघात द्रव्यांचा पुरवठा पद्धतशीरपणे होतो, हे रुसेल यांनी मान्य केले. १७ जुलैला शर्यतीचे संचालक जां-मारी लेब्लां यांनी फेस्तिनाची हकालपट्टी केली. पुढच्या आठवड्यात अलेक्स झुल्ले, लोरां ब्रोशार यांच्यासह पाच सायकलपटूंनी पोलिसांपुढे ईपीओ घेतल्याचे कबूल केले. संघाचा लाडका तारा रिशार विरांक मात्र नाकारत राहिला. पोलिसांनी इतर संघांच्या हॉटेलांवरही छापे घातले. त्याच्या निषेधार्थ सायकलपटूंनी दोनदा शर्यत रोखली. २९ जुलैचा टप्पा रद्द झाला आणि काही संघ माघारी गेले. सुरुवातीच्या १८९ सायकलपटूंपैकी ९६ जणच पॅरिसला पोहोचले. विजेता ठरला इटलीचा मार्को पंतानी.

लीलच्या न्यायालयात ऑक्टोबर २००० मध्ये खटला उभा राहिला आणि तिथे विरांकने अखेर कबुली दिली. डिसेंबरमध्ये निकाल लागला. फ्रेंच कायद्याचा रोख द्रव्य घेणाऱ्यांपेक्षा पुरवणाऱ्यांवर असल्याने रुसेल आणि वूट यांना स्थगित कारावास व दंड झाला, तर विरांक निर्दोष सुटला. सायकलिंग संघटनेची बंदी भोगून तो परतला आणि कारकिर्दीत एकूण सात वेळा सर्वोत्तम डोंगरवीराचा किताब मिळवून २००४ मध्ये निवृत्त झाला.

या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय वाट्याला आला तो क्रिस्तोफ बासों याच्या. फेस्तिनाच्या या सायकलपटूने द्रव्य घेण्यास नकार दिला होता, याची साक्ष त्याच्याच सहकाऱ्यांनी दिली. १९९९ च्या शर्यतीदरम्यान त्याने वृत्तपत्रीय स्तंभातून डोपिंगविषयी उघड लिहिले. इतर सायकलपटूंनी त्याला वाळीत टाकले आणि पुढे विजेता ठरलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याला सुनावले. बासोंने शर्यत सोडली आणि दोनच वर्षांत कारकीर्दही संपवली. कबुली देणारे काही महिन्यांची बंदी संपवून परतले होते. खेळाने गुन्ह्याला क्षमा केली. सत्य बोलणाऱ्याला केली नाही.

संस्थात्मक परिणाम मात्र दूरगामी झाले. फ्रान्सने मार्च १९९९ मध्ये क्रीडामंत्री मारी-जॉर्ज ब्युफे यांच्या पुढाकाराने डोपिंगविरोधी नवा कायदा केला. फेब्रुवारी १९९९ च्या लोझान परिषदेनंतर नोव्हेंबरमध्ये जागतिक डोपिंगविरोधी संस्था (वाडा) स्थापन झाली. तिची संहिता १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्याच चौकटीत भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय संस्था (नाडा) उभी राहिली. फ्रेंच प्रयोगशाळेने मूत्रातील ईपीओ ओळखण्याची पद्धत विकसित केली. ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये वापरली गेली. २००८ पासून यूसीआयने ‘जैविक पासपोर्ट’ आणला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची तुलना वर्षानुवर्षांच्या त्याच्याच नोंदींशी होते.

तरीही फसवणूक थांबली नाही. पंतानीला १९९९ च्या इटलीतील शर्यतीतून रक्तमर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर काढण्यात आले. २००४ मध्ये कोकेनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. १९९८ च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची पुढे फेरतपासणी झाली. पहिल्या दोघांच्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचे फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालाने जाहीर केले. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकी डोपिंगविरोधी संस्थेच्या तपासानंतर आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याही तपासाचा कणा सहकाऱ्यांच्या साक्षी हाच होता. १९९८ चा धडा तोच आहे. प्रयोगशाळा आवश्यक आहेच, पण स्वतंत्र तपासयंत्रणा आणि साक्ष देणाऱ्याला संरक्षण यांवाचून ती एकटी पुरत नाही.