बोटांची सूज : प्रत्येक वेळी आमवात नव्हे

बोटांचे सांधे सुजलेले दिसले की वैद्याच्या मनात प्रथम आमवात येतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु वेदना नाही, सकाळची ताठरता नाही, ज्वर नाही, अग्नी उत्तम. अशा किशोरवयीन मुलाची बोटे मधल्या सांध्यापाशी दोन्ही बाजूंनी फुगीर दिसत असतील, तर चिकित्सापत्र लिहिण्यापूर्वी ‘पॅकिडर्मोडॅक्टिली’ या विकाराचे स्मरण ठेवावे, असे आम्ही सुचवू इच्छितो.

‘जाड त्वचेची बोटे’ हा या ग्रीक नावाचा अर्थ. १९७३ साली बाझेक्स व सहकाऱ्यांनी याचे वर्णन केले आणि १९७५ मध्ये व्हर्बोव्ह यांनी हे नाव दिले. विकार विरळ व निरुपद्रवी आहे. सांधा निर्दोष असतो. भोवतीच्या त्वचेत कोलॅजन वाढून ती जाड होते. बहुधा तर्जनी, मध्यमा व अनामिका बाधित होतात. क्ष-किरण चित्रात अस्थी प्राकृत, ई.एस.आर. व आर.ए. फॅक्टरही प्राकृत.

आपल्या संहितांत यास स्वतंत्र नाव शोधण्याचा अट्टहास आम्हांस अनावश्यक वाटतो. रोगाचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे, आणि तेही शोथाचे विवेचन करणाऱ्या त्रिशोथीय अध्यायातच! महत्त्व हेतूला आहे. बोटे एकमेकांत गुंतवून घासणे, ओढणे, मोडणे अशी सवय अनेक रुग्णांत आढळते. कित्येकदा ती मुलाच्या वा पालकांच्या ध्यानीही नसते. प्रश्नपरीक्षेने जे कळत नाही ते दर्शनाने कळते. बोलता बोलता मुलाच्या हातांकडे पाहावे.

अशा रुग्णांना संधिवाताचे समजून मेथोट्रेक्झेटसारखी औषधे दिल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे त्याजागी रसकल्प व गुग्गुळकल्प महिनोन्‌महिने चालू राहू शकतात. येथे निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा होय. सवय सुटल्यास सूज हळूहळू उतरू शकते. सवयीमागे चिंता वा मनोविकार असल्यास त्याकडेही लक्ष द्यावे. मात्र वेदना, उष्णस्पर्श, ताठरता किंवा हालचालीस अडथळा असेल, तर संधिविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब नको.

औषधी दुकानदारांसही एक विनंती. मुलाच्या बोटांच्या सुजेसाठी कोणी चोळण्याचे तेल मागितले, तर ते देण्याआधी वैद्याला दाखविण्यास सांगावे. घर्षणानेच वाढणाऱ्या सुजेला दिवसातून दोनदा चोळणे म्हणजे हेतूचीच योजना करणे.