मोटारसायकलीचा अडसर

चढावर बैलगाडी थांबली की गाडीवान चाकामागे दगड ठेवतो. गाडी सरकू नये एवढेच त्या दगडाचे काम. तिचा तोल तिची दोन चाके सांभाळतात. मोटारसायकलीच्या अडसराकडून, म्हणजे दुकानदार ज्याला व्हील चॉक म्हणतात त्याच्याकडून, आपण दोन्ही कामांची अपेक्षा करतो.

या लोखंडी चौकटीत एक हलता पाळणा असतो. पुढचे चाक आत लोटले की तो पुढे कलतो आणि त्याची मागची कड चाकाला पाठीमागून अडवते. पाळणा टायरच्या रुंदीशी जुळवून घेतला नाही, तर चाक आत खुळखुळते आणि सरळ उभी दिसणारी गाडी लहानशा धक्क्याने आडवी होते. बुलेटसारखी गाडी १८० किलोंहून जड असते. गॅरेज हीच पुष्कळ घरी मुलांची खेळण्याची जागा असते, हे ध्यानात घ्यावे.

चौकट जमिनीला बोल्टांनी जखडावी. गुळगुळीत लादीवर, त्यातून ती पावसाळ्यात ओली असता, मोकळी चौकट चाकासकट पुढे घसरते. घर भाड्याचे असल्यास जाड प्लायवूडच्या फळीवर ती बसवावी. मात्र फळी इतकी लांब हवी की मागचे चाकही तिच्यावरच यावे.

गाडी इंजिन बंद ठेवून, डाव्या अंगाला उभे राहून लोटावी. इंजिनाच्या जोरावर ती चढविण्याची हौस कित्येकदा भिंतीवर आदळते. शिवाय बंद खोलीतील धूर विषारी असतो. चाक बसताच बाजूचा स्टँड खाली करावा आणि हात सोडण्यापूर्वी गाडी दोन्हीकडे हलवून पाहावी. मागचे चाक काढावयाचे असेल, तर केवळ अडसरावर भिस्त ठेवू नये. मागील भागाला निराळा आधार द्यावा व दोन्ही बाजूंनी पट्टे ताणून जमिनीतील कड्यांना बांधावे.